कपाटातली कात्री

लूकांग गावच्या देवळांचे भरजरी पडदे भरण्यात सीऊ-चिनची वीस वर्षं गेली. कात्री हे तिचं सहावं बोट, आणि सासू चुन-मेचा राग नेमका त्या बोटावर. गरोदर बाईच्या घरात कात्री चालली, पलंगावर तर नुसती ठेवली, तरी गर्भाची राखण करणारा गर्भदेव दुखावतो, असं ती म्हणायची. सुनेचं पोट तीनदा रिकामं झालं, तेव्हा तिन्ही वेळा दोष कात्रीलाच.

खरं कारण सुनेला आणि तिच्या नवऱ्यालाच ठाऊक होतं. गर्भपिशवीत जन्मापासूनच मधोमध पडदा. तिसऱ्या खेपेनंतर दुर्बिणीतून तो कापून घेतला आणि सासूला सांगितलं, गाठ होती. जन्मखोट म्हटलं असतं तर आयुष्यभर टोमणे. तेवढा वेळ सीऊ-चिनकडे नव्हता.

चौथ्यांदा दिवस गेले तसं सासूने घरातल्या सगळ्या कात्र्या कपाटात कुलूपबंद केल्या. सून धागे दातांनी तोडू लागली. आधीच्या तिन्ही वेळा अकराव्या आठवड्यापुढे मजल गेली नव्हती. या वेळी तो गेला, विसावा गेला. तरी संडासात ती आधी डोळे मिटायची, मग बघायची.

एकतिसाव्या आठवड्यात रक्त दिसलं.

दवाखान्यात सासू शेजारीच बसलेली. डॉक्टरबाईंनी कागद चाळत सहज विचारलं, पडद्याची शस्त्रक्रिया कधी झाली?

"कसला पडदा?" सासू म्हणाली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सीऊ-चिनने सगळं सांगून टाकलं.

"कापला कशाने?"

"कात्रीने, आई. नखाएवढ्या."

सासूने स्वतःच्या करंगळीचं नख निरखून पाहिलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आहे, रक्त तिथलं. ठोके चांगले आहेत, पण पुढचं आज सांगता येणार नाही, आणि घरी तर मुळीच सोडणार नाही. सीऊ-चिन पाच आठवडे पाठीवर पडून छताकडे बघत राहिली. सासू रोज डबा आणायची, पडद्याचं नाव काढायची नाही.

छत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा रक्त सुरू झालं, थांबेना. पोट उघडून बाळ काढलं. मुलगी, दोन किलो तीनशे. रडायला तिने क्षणभर उशीर केला. मग ती रडली, चांगली खणखणीत.

दुसऱ्या दिवशी सासूने तिळाच्या तेलातल्या कोंबडीचा डबा ठेवला आणि शेजारी किल्ली.

"दात बघ कसे झालेत तुझे. घरी आलीस की उघड कपाट." दारापर्यंत जाऊन ती वळली. "पण पलंगावर ठेवायची नाही."