ऐवा, ऐवा

ओमानमध्ये नऊ वर्षं काढून मला अरबीतला एकच शब्द खात्रीने येत होता: ऐवा. म्हणजे हो. अल् खुवैरच्या आमच्या बिल्डिंगचा इजिप्शियन वॉचमन एका सकाळी लिफ्टपाशी अडवून बरंच काही बोलला. मला ऑफिसला उशीर होत होता. मी मान डोलावत "ऐवा, ऐवा" म्हटलं, वर एक इन्शाल्ला टाकलं आणि गाडी काढली.

दोन दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, आपण नसताना घरात कोणीतरी येऊन जातं."

ती शाळेत शिकवते, दुपारी दोनला एकटीच घरी येते. बाथरूममधलं स्टूल म्हणे हॉलमध्ये सापडलं. दुसऱ्या दिवशी पडदा सरकलेला. चोरीला मात्र काहीच गेलेलं नाही.

"तू ते सिनेमे बघणं कमी कर," मी म्हणालो. तिला असे सिनेमे आवडतात, ज्यांत बाई जीव तोडून सांगत असते आणि सगळे तिला गोळी घेऊन झोपायला सांगतात.

"त्यातला नवरापण हेच म्हणतो. शेवटी तो एकतर खुनी निघतो, नाहीतर मठ्ठ."

"मग मी कोण?"

"खून करायला डोकं लागतं."

मी हसलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर ती खाली तिच्या गाडीत एसी लावून बसलेली. तीन तास. वर जायची हिंमत होईना म्हणाली.

मग तिचा भ्रम घालवायला मी हाफ डे टाकला. सकाळी निघताना तिने दाराच्या आत तांदळाचं पीठ भुरभुरवलं होतं. दोन वाजता आम्ही दोघांनी दार उघडलं, तर पांढरी पावलं थेट बेडरूमकडे गेलेली. मी पुढे व्हायला हवं होतं. मी तिच्या मागे होतो.

आत स्टुलावर आमचा वॉचमन, हातात एसीची जाळी. बिल्डिंगच्या मालकाने सगळ्या फ्लॅटचे एसी साफ करायला सांगितले होते, तो रोज एकेका खोलीतला उरकत होता, आणि स्वतःकडच्या किल्लीने आत जाऊ का, हे त्याने त्या सकाळी लिफ्टपाशी मला रीतसर विचारलं होतं. मला बघून तो खुलला. मोडक्या हिंदीत बायकोला म्हणाला, "मॅडम, सर ने बोला ना! ऐवा, ऐवा!" माझी मानसुद्धा हुबेहूब डोलावून दाखवली.

तिने त्याला पाणी दिलं आणि माझ्या हातात फडकं. मी गुडघ्यावर बसून पीठ पुसत होतो, तेव्हा ती म्हणाली,

"त्याचं अरबी तुम्हाला कळलं नाही, ठीक आहे. मी तर मराठीत सांगत होते ना?"