चुंबळीचा नियम

मला राग लवकर येतो आणि चारचौघांत हसं झालेलं अजिबात सोसत नाही. म्हणून कपाळाला तीन टाके घालून भोरच्या दवाखान्यातून बाहेर पडलो, तेव्हा जखमेपेक्षा डॉक्टरांचं बोलणंच जास्त झोंबत होतं. महिनाभर डोक्याला जाड पट्टी बांधल्याशिवाय फुटबॉल खेळायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. आणि पुण्याच्या एका कॉलेजची टीम आठ दिवसांवर भोरला यायची होती.

पुण्यात शिकणारी आम्ही इकडची पोरं दिवाळीच्या सुट्टीत एकत्र येऊन टीम करत असू. बाकीचे सगळे भोरातले, वकील-कारकुनांच्या घरचे. वेल्ह्याच्या डोंगरातला, पासलीचा, मी एकटाच. पण डोक्याने चेंडू मारावा तर मीच. लहानपणापासून भाताचे भारे वाहून मान पक्की झाली होती. आमचं मैदान नीरेच्या काठाला. चेंडू वरचेवर नदीत जायचा, त्याचं चामडं पाणी प्यायचं आणि तो धोंड्यासारखा जड व्हायचा. तो आवळायची चामडी वादी बाहेरच्या अंगाला असायची. तिनेच माझं कपाळ फाडलं होतं.

पट्टी बांधून खेळू द्यायचं का, यावर कॅप्टनच्या घरी ओटीवर खल झाला. त्याचे वडील वकील, त्यांनी खटला चालवावा तसा तो चालवला. एक म्हणाला, नियमांच्या पुस्तकात असं काही नाही. दुसरा म्हणाला, नाही म्हणजे मनाईही नाही. तिसऱ्याला पुण्याची पोरं काय म्हणतील याचीच काळजी. वकीलसाहेबांनी ‘शिर सलामत तर पगडी पचास’ हे दोनदा ऐकवलं, पण निकाल काही देईनात. सगळ्यांत मोठ्याने विरोध मीच करत होतो. टाके उघडे ठेवून खेळेन, पण बाशिंग बांधून मैदानात उतरणार नाही, असं म्हणालो.

माझी आक्का पायरीशी बसून हे ऐकत होती. ती आंबवड्याला दिलेली. सुट्टीत मी तिच्याकडेच राहायचो. त्या दिवशी भोरच्या बाजाराला आली होती, माझं कपाळ फुटल्याचं तिथेच कळलं तशी मला बघायला आली होती. शेजारी तिची रिकामी पाटी, त्यात डोक्यावर ओझ्याखाली घ्यायची कापडाची चुंबळ. ती उचलून तिने मला दाखवली.

“बाया भारा उचलताना ही घेत्यात. त्या भित्र्या व्हय रं?”

वकीलसाहेबांनी चुंबळ हातात घेऊन दाबून पाहिली आणि पट्टीला होकार दिला. मीही पट्टी बांधायला कबूल झालो.

त्या आठवड्यात तिने जुन्या लुगड्याच्या घड्या घालून, गोधडीचे टाके मारून, मागे नाडी लावलेल्या दोन पट्ट्या शिवल्या. एक घालायला, एक धुवायला.

सामन्याला ती भातकापणी सोडून आली. मी मैदानात उतरलो तशी बघे ओरडले, नवरदेव आला, घोडा कुठाय! माझे कान तापले. त्यात पुण्याच्या कॅप्टनने पंचांकडे तक्रार केली, की कापडामुळे याच्या डोक्याला लागत नाही, हा गैरफायदा आहे. पंच पुस्तक चाळत बसले. मी पट्टी उपसून फेकणारच होतो, नाडीला हातही घातला होता. तेवढ्यात आक्का दिसली. ती हसत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती माझ्या हाताकडे बघत होती. मी हात खाली घेतला, पिशवीतली दुसरी पट्टी काढली आणि त्या कॅप्टनपुढे धरली. फायदा असेल तर तुम्हीही घ्या, म्हणालो.

त्यांच्यातल्या एका उंच गड्याने ती थट्टेने बांधली, आणि पंचांनी पुस्तक मिटलं. थोड्या वेळाने नदीतून आलेला चेंडू त्याने डोक्यावर घेतला, आणि मग ती पट्टी त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. जाताना परत करायलाही विसरला; मीही आठवण केली नाही. सामना बरोबरीत सुटला. आमचा एकुलता गोल माझ्या डोक्याचा, म्हणजे अर्धा आक्काचा.

संध्याकाळी त्याच ओटीवर कॅप्टनने टीमच्या वहीत नियम लिहिला: डोक्याला दुखापत असलेल्याने पट्टी बांधल्याशिवाय खेळू नये. आक्का म्हणाली, बांधणाऱ्याला कुणी हसू नये, हेबी लिवा. तेही लिहिलं. आम्ही सह्यांसाठी पुढे झालो, तर वकीलसाहेबांनी वही आधी तिच्यापुढे सरकवली आणि शाई मागवली.

आक्का एकदम मागे सरली. तोवर तिचा अंगठा कोणी मागितला असेल तर तो तलाठ्याने.

“आंगठा कशापायी, साहेब? माजं काय चुकलं का?”

“काही चुकलं नाही, बाई. नियम तुम्ही केलात. तुमची निशाणी पहिली पाहिजे.”

तिने अंगठा पदराला पुसला, शाईत बुडवला आणि कागदावर बराच वेळ दाबून धरला. मग मी सही केली. पुढे नोकरीत हुद्द्याखाली कितीतरी सह्या केल्या. पण आक्काच्या अंगठ्याखाली केली, तेवढ्या अभिमानाने एकही केली नाही.