थंड पाण्यातली सवत

आमच्या यांना कोणी चिंतामणी म्हणत नाही. महाराजपूरच्या आमच्या कॉलनीत हे "समंदरवाले भैया" आहेत. जबलपुरात समुद्र कुठून आला म्हणाल, तर आमच्या बैठकीत आला. जिथं माझी शोकेस होती, बरोब्बर तिथं.

फॅक्टरीत लेथ मशीनवर सारी नोकरी काढली या माणसानं. घरी आले की मुके. "भाजी कशी झाली?" विचारलं तर "हं". मी म्हणायची, चलो, स्वभावच आहे. मग एकदा आम्ही एलटीसीवर, म्हणजे फॅक्टरीच्या खर्चानं, कोकणात गेलो. मी नवी साडी नेसून फोटोसाठी उभी, आणि हे ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर उकिडवे बसलेले. एका खळग्यात पाणी साचलं होतं, त्यात फुलासारखं काहीतरी डुलून राहिलं होतं. फूल कुठलं, प्राणी होता तो! समुद्रफूल म्हणतात. हात लावला की मिटतं, खाणं दिलं की पाकळ्यांनी धरून गिळतं. माझा फोटो राहिला तो राहिलाच.

निवृत्त झाल्यावर यांनी काचेची मोठी टाकी आणली, खारं पाणी कालवलं आणि थंड समुद्रातलं एक लालबुंद समुद्रफूल कुठल्याशा व्यापाऱ्याकडून मागवलं. सोबत शंखातले खेकडे, एक तारामासा, चार गोगलगायी. त्या बिचाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण त्या लाल बयेशी. तिला पाणी गार लागतं, म्हणून चिलर नावाचं यंत्र दिवसरात्र घुरघुरतं. मे महिन्यात मी मानेवर ओला नॅपकिन टाकून पोळ्या लाटते, आणि बैठकीत बाईसाहेब गारेगार! लाइट गेली की हे फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या घेऊन तिच्याकडे धावतात. माझ्या फ्रीजरमध्ये कुल्फीला जागा नाही.

तेही मी सोसलं असतं. पण हे तिच्याशी बोलतात हो! सकाळी उठले की स्टूल ओढून टाकीसमोर बसतात. "आज पाणी बरंच उडालं. फिल्टरचं गोडं पाणी घालतो. मीठ नाही घालायचं, पाणी उडतं, मीठ कुठं उडतं? आणि तांबं तुला चालत नाही बरं, जरा तांबं लागलेलं पाणी गेलं की खेळ खलास." एवढी वाक्यं मला लग्नापासून एका दमात मिळाली नाहीत. मी स्वयंपाकघरात ऐकायची आणि कणकेवर राग काढायची. जळायची मी. त्यात लाजायचं काय?

अशात आमच्या मेघनाचं नागपूरला डोहाळजेवण ठरलं. पोरीनं फोनवर बजावलं, "आई, दोघं या. जोडीनं या." तिच्या लग्नानंतर तिच्या घरी आम्ही जोडीनं गेलोच नव्हतो. माझ्या मनात एवढंच होतं, की या खेपेला यांना घेऊन जायचं. हे म्हणाले, "हिला कोण पाहील? तू जा."

त्याच आठवड्यात बेबीताई आल्या, यांची मोठी बहीण. हे त्या बयेसाठी झिंगे आणायला बाजारात गेले होते. बेबीताईंच्या हातात तांब्याचा गडू, त्यात नर्मदेचं पाणी, कालपासून देवाजवळ ठेवलेलं. टाकी पाहून त्यांचे डोळे पाणावले. "वसुधा, मैया शेवटी सागरालाच भेटते न? इथं तर सागर घरातच आला. भेट घडवून देते." असं म्हणून त्यांनी टाकीचं झाकण सरकवलं.

मी दारात उभी होते, हाताला पीठ. नुसती गप्प राहिली असती तर? माझ्या हाताला पाप नाही, नणंदेला पुण्य, आणि नागपूरची वाट मोकळी. मनात आलं, आलंच की! बया मस्त उमलून बसली होती. गडू कलता झाला.

"नको!" मी अशी ओरडले, की बेबीताई दचकून मागे सरल्या. "तांबं आहे ते! तांब्यात राहिलेलं पाणी तिला विष आहे. गोडं पाणी चालतं, पण फिल्टरचं, आणि तेही थोडं थोडं!"

मागून आवाज आला, "वसू, तुला हे कोणी सांगितलं?" हे दारात उभे, हातात झिंग्यांची पिशवी.

"तुम्हीच सांगितलं," मी म्हटलं. "मला नाही, तिला. मी याच घरात राहते न! काहून नाही ऐकू येणार?"

यांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं, आता हात धरतात माझा. म्हणाले, "अरे वा! म्हणजे हिला तू सांभाळू शकते. मग मी बिनघोर नागपूरला जाऊन येतो. तू थांब इथं."

"अरे चिंतू!" बेबीताईंनी कपाळावर हात मारला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी ओरडले नाही. टाकीचं झाकण नीट लावलं, बेबीताईंच्या हातातून तो भरलेला गडू घेतला आणि झाकणावर ठेवला. "खुशाल जा," मी म्हटलं. "हा इथंच आहे. मी पण इथंच आहे."

यांनी गडूकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं नजर लावून पाहिलं. मग हळूच गडू उचलून खाली ठेवला, स्टूल फिरवलं, टाकीकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "तिकिटं दोन काढतो."

घर आणि टाकी बेबीताईंनी सांभाळली. सगळं मीच शिकवलं त्यांना, आणि तो गडू कपाटात घालून किल्ली बरोबर नेली. मेघनाची ओटी आम्ही जोडीनं भरली.

परतीच्या गाडीत यांनी विचारलं, "वसू, खरं सांग, तू ते पाणी ओतलं असतं?" मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

नसतं ओतलं. हे तुम्हाला सांगते, त्यांना नाही. ते अजून विचारतात. रोज सकाळी स्टूल माझ्याकडे फिरवतात आणि विचारतात. म्हणूनच मी उत्तर देत नाही.