पाठमोरी कंडक्टर

चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये एक पांढरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत कंडक्टर बसच्या दारात, दुसरीत थेट मागच्या बाकापाशी. मधले चालणे वाचक मनातल्या मनात करून घेतो. शाळेत शिकवत असतानाच मी नाशिकमधल्या एका छोट्या प्रकाशनासाठी चित्रकथांचे संवाद लिहू लागले. त्या पट्टीने आमचे किती कष्ट वाचवले, हे मात्र सिनेमा करायला घेतल्यावरच कळले.

आमची नायिका एसटीची कंडक्टर. सुरगाण्याच्या गाडीत हरवलेली कोंबडी शोधणारी, येवल्याच्या गाडीत पैठणीची पिशवी लांबवणाऱ्याला पकडणारी. तिची पुस्तके बसस्थानकांवर खपत. पुढे आमच्या प्रकाशकांनी, म्हणजे भाऊंनी, त्याच गोष्टी आवाज देऊन मोबाईलवर आणल्या; मग पाच-पाच मिनिटांची हलती चित्रे केली; आणि अखेर कागदाचे गोदाम रिकामे करून तिथे संगणक मांडले. पूर्ण लांबीचा सिनेमा ठरला, पेढे वाटले गेले.

पेढा हातात तसाच धरून एकच व्यक्ती बसली होती. पहिल्या पुस्तकापासून नायिका रेखाटणारी आमची चित्रकार. संगणक तिला येत नव्हता. पुढच्या सोमवारी ती आपले ब्रश डब्यात भरू लागली.

"बाई, आता तिला ही मुलं सांभाळतील," ती मला म्हणाली. "माझं काम संपलं."

तेवढ्यात संगणकावर चित्रे हलवणारी मुलगी धावत आली. "काकू, हिची पाठ कुठंय? सगळी पुस्तकं पालथी घातली, एकाही चित्रात नाही!"

खरोखरच नव्हती. कंडक्टर प्रवाशांकडे तोंड करून उभी राहते आणि वाचकाला चेहरा हवा असतो, म्हणून आम्ही तिला कधी पाठमोरी काढलेच नव्हते. सिनेमाच्या पहिल्याच दृश्यात मात्र ती आपल्यापासून दूर चालत जाणार होती.

भाऊ म्हणाले, "त्यात काय एवढं? खाकी कपडे, वर एक अंबाडा. झालं!"

"अंबाडा?" चित्रकाराने डबा खाली ठेवला. "भाऊ, वेणी आहे तिला, खांद्यावरून पुढे घेतलेली. इतकी वर्षं तुम्हीच छापताय! आणि पाठीवर बॅगेच्या पट्ट्याची तिरकी घामाची रेघ. निफाडहून रोज एसटीनं आलेय मी; उभ्यानं आलं की समोर कंडक्टरची पाठच दिसते."

"आणि चालते कशी?" मुलीने विचारले.

चित्रकार टेबलांच्या दोन रांगांमधून चालू लागली. पाय फाकलेले, प्रत्येक खुर्चीला कंबर टेकवत, हात मोकळे. मुलीने मोबाईलवर चित्रण सुरू केले. भाऊ खुर्चीत बसून म्हणाले, "ताई, सुटे नाहीत."

"मग उतरा!" मागे न बघताच उत्तर आले. सारे गोदाम हसले.

"काकू, उद्या लवकर या," मुलगी म्हणाली. "अजून ड्रायव्हर, दोन आज्या आणि एक बोकड चालायचाय."

ब्रशचा डबा त्या दिवशी घरी गेला नाही.

काही महिन्यांनी गोदामाच्या भिंतीवर पहिले दृश्य पाहिले. आमची कंडक्टर पाठमोरी झाली आणि बाकांना कंबर टेकवत, डोलत निघाली. चित्रकार माझ्या कानाशी वाकली.

"बाई, मी इतकी फेंगडी चालते?"

"तंतोतंत," मी म्हणाले. "आता गप्प बैस, तुझा बोकड चढतोय गाडीत."