बंगल्यातली ट्राम

वडिलांना आम्ही मुलं भाऊ म्हणायचो, कारण सगळी भावकीच त्यांना भाऊ म्हणे. मुंबईत ते ट्रामचे ड्रायव्हर होते. ट्रामी बंद झाल्या तशी त्यांनी मुंबईही बंद केली आणि गावी, बेडशाला येऊन भाताची खाचरं बघू लागले. पण जीव अडकला होता ट्राममध्येच. वाटेत म्हैस आडवी आली की ते उजवा पाय जमिनीवर आपटायचे. ट्रामची घंटा पायानं वाजवायची असते. म्हशीला हे ठाऊक नसल्यामुळे ती हलत नसे.

आई मुंबईला कधी गेलीच नाही. तिकडे गावच्या गड्यांनी भरलेल्या खोलीत भाऊंची एक वळकटी, इकडे शेत, आजारी सासू आणि आम्ही. लग्न झालं त्या साली भाऊंनी तिला शब्द दिला होता, एकदा तुला माझ्या ट्राममधून फिरवून आणीन. पुढच्या वर्षी नेतो, पुढच्या वर्षी नेतो, असं करता करता ट्रामच संपली. आईनं त्यावरून कधी टोमणा मारला नाही आणि तेच भाऊंना जास्त लागायचं. टोमण्याला निदान उत्तर तरी देता येतं.

मग लोणावळ्यात बंगल्यांना दूध घालणाऱ्या एकानं बातमी आणली. मुंबईच्या कुणा शेटनं मोडीत निघालेली एक ट्राम घेऊन आपल्या आवारात आणून ठेवली होती. वर पत्र्याची शेड, भोवती जुने दिवे, पाट्या, कंडक्टरची पिशवी, असं सगळं मांडलेलं, आणि रविवारी कुणीही यावं, बघून जावं. शेट त्याला म्युझियम म्हणत. दूधवाला ट्रामचं देऊळ म्हणे.

भाऊ घरात येऊन म्हणाले, "चल, तुला ट्राम दाखवतो."

आता गाडी बघायला म्हणून कुणी जातं का? माणूस गाडीत बसायला जातो. निदान आमच्या आईचा हिशेब असा सरळ होता. भात झोडून झालं होतं, हात मोकळे होते. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, भाकऱ्या थापल्या, सुकटाची चटणी केली आणि ट्रामच्या चाकापुढं फोडायला नारळ घेतला. साऱ्या आळीला सांगून झालं. शेजारच्या मावशीनं तर मुंबईतल्या लेकासाठी कुरडयांचा डबा आईच्या हाती दिला. ट्राम मुंबईची, तेव्हा ती जाऊन जाऊन जाणार कुठं? भाऊ हे सगळं ओट्यावर बसून बघत होते. लोणावळ्याची ट्राम तारेशिवाय नि रुळाशिवाय हलणार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? पण आईचा चेहरा इतका फुलला होता की त्यांची जीभ उचलेना.

बरोबर आत्या होती. ही भाऊंची थोरली बहीण, आमच्याकडंच राहायची. तिच्यापुढं भाऊसुद्धा खालच्या आवाजात बोलत. कामशेतहून आम्ही पॅसेंजर धरली. गाडीत भाऊंनी एकदा धीर केला.

"अगं, ती ट्राम आता लय जुनी झालीया."

"असू द्या की," आई म्हणाली, "दमानं न्या. आपल्याला कुटं घाई हाय?"

भाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. मला हसू येत होतं आणि त्यांची कीवही येत होती.

बंगल्याचं फाटक एका म्हाताऱ्या माळ्यानं उघडलं. आत पेरूच्या झाडांपलीकडं ती ट्राम उभी होती, लालभडक, नवा रंग दिलेली. भाऊ जागच्या जागी थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते. आईनं डोईवरचा पदर सारखा केला, ट्रामला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पायरीपाशी चपला काढून आत शिरली. माळ्यानं शेटचा नियम सांगायला तोंड उघडलं होतं, पण खोबऱ्याचा तुकडा हातावर पडल्यावर तो गप्प झाला.

"आता ही निघती कवा?" आईनं विचारलं.

आत्या बाहेरच उभी होती. तिनं कमरेत वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, "निघती? अगं, हिच्या बुडाखाली कोंबडी अंड्यावर बसलीया!"

आई खाली उतरली. रूळ नव्हते. चाकं दगडी फरशीवर टेकलेली होती आणि त्यांच्याभोवती गवत माजलं होतं. कुरडयांचा डबा तिच्या काखेत तसाच होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बघितली न्हवं, झालं."

भाऊंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ते पुढच्या, ड्रायव्हरच्या फळीवर चढले. तिथलं पितळी हँडल त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं, ताठ उभे राहिले आणि पाय असा आपटला की घंटा सगळ्या आवारात घणघणली. खालची कोंबडी कोकलत पळाली.

"बसा आत!" ते ओरडले. "गाडी सुटतीया!"

आत्यापुढं भाऊ असे ओरडलेले मी पहिल्यांदाच ऐकले. आत्या मुकाट्यानं चढली. आई पहिल्या बाकावर बसली, मी तिच्या मागं. भाऊंनी हँडल फिरवलं आणि आमची ट्राम निघाली. "परळ!" घंटा. "लालबाग! ओ पाटीवाले, सरका बाजूला!" पुन्हा घंटा. पुण्याहून आलेलं एक जोडपं हसत हसत मागच्या दारानं चढलं आणि भायखळ्याला उतरलं. आई आधी पदराआड हसत होती, मग उघडच हसायला लागली. "तितं गर्दी किती वो?" ती विचारायची आणि भाऊ मान न वळवता सांगायचे.

मग एकाएकी तिनं विचारलं, "तुमाला बसायला कुटंय?"

"ड्रायव्हरला बसायला नसतंय."

"मंजी?"

"उभ्यानंच चालवायची."

"दिसभर?"

"व्हय. दिसभर."

आईचं हसू थांबलं. भाऊ रजेवर यायचे ते नेमके लावणीच्या दिवसांत. आले की भिंतीला पाय वर लावून पडून राहायचे. आई खाचरात दिवसभर वाकलेली. संध्याकाळी ती भांडी आपटत म्हणायची, बसून पगार खाणाऱ्याला चिखल कसा सोसंल! भाऊ हसून सोडून द्यायचे. ट्राम कशी चालवतात हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

ती बराच वेळ त्यांच्या पायांकडं बघत होती. पोटऱ्यांवर शिरा गाठीगाठींनी फुगलेल्या होत्या. मग ती बाकावर खिडकीकडं सरकली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हणाली, "या. बसा हितं."

वडीलधाऱ्या माणसासमोर नवऱ्याशेजारी बसायचं हे आमच्याकडं कुणी करत नसे. आत्या तर पलीकडच्या बाकावरच बसली होती. भाऊंनी एकदा तिच्याकडं बघितलं.

"आन गाडी?" ते म्हणाले.

"गाडी ऱ्हाऊ द्या उभी."

भाऊ आले आणि बसले. अंग चोरून, बाकाच्या कडेला, पाहुण्यासारखे. आत्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं आणि ती पेरू बघू लागली.

उन्हं कलली तसा माळी किल्ल्या वाजवत आला. "चला, उतरा मंडळी. फाटक लावायचंय."

परक्या माणसाशी वर मान करून न बोलणारी माझी आई खिडकीतून म्हणाली, "थांबा की वो आबा जरा. ह्ये आत्ता कुटं बसल्यात."