दादानं भरलेला शेवटचा बार

दादाच्या बंदुकीत बार भरलेला आहे, हे मला त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. पोलीस पाटील येऊन सांगून गेले होते, की परवानेवाला माणूस गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. घोडेगावला ठाण्यात जमा करायचं, आणि जमा करताना ते रिकामं हवं. मी भिंतीवरची बंदूक काढायला उठलो तशी वहिनी म्हणाली, "भाऊजी, जपून. भरलेली हाय ती."

"कधी भरली?"

"दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिशी. भुईमुगात डुकरं उतराय लागली व्हती."

मी हात मागे घेतला. दादा आजारी पडला आणि चार दिवसांत गेला. त्या चार दिवसांत त्याच्या हातून झालेलं काहीच शिल्लक राहिलं नाही, असं मी धरून चाललो होतो. त्याचा सदरा वहिनीनं धुतला होता. त्यानं अर्धी सोडलेली विडी कोणीतरी केरात टाकली होती. आणि इथं भिंतीवर, नळीच्या आत, त्यानं स्वतः ठासलेला एक बार तसाच होता.

आमची बंदूक मूळची इंग्रजांच्या पलटणीतली रायफल. आजोबांनी घेतली की त्यांच्या वडिलांनी, याबद्दल घरात कायम दोन मतं होती. विकण्याआधी सरकारनं नळीतले आटे घासून गुळगुळीत करून टाकले होते. तेव्हापासून ती रायफल राहिली नाही, नुसती ठासणीची बंदूक झाली. दस्त्यावर एक शिक्का होता, तो इतक्या अंगठ्यांखाली झिजला होता की त्यातलं फक्त एक गोल वळण उरलं होतं. पिकाच्या राखणीसाठी म्हणून तिचा परवाना होता. आजोबांनंतर वडिलांच्या नावावर आणि वडिलांनंतर दादाच्या.

ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस नसतं. दरवेळचा बार हातानं भरावा लागतो. तोंडाकडून दारू, तिच्यावर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लांब लोखंडी गजानं हे सगळं दाबून बसवायचं. दादा ओट्यावर बसून हे काम करायचा. जुन्या दोराचा काथ्या पिंजताना तो कोणाशी बोलत नसे. शेवटी गज नळीत सोडायचा. गज आतून उसळून वर आला की म्हणायचा, "बसला." लहानपणी तो उसळलेला गज झेलायचं काम माझं होतं.

पुढे मी शिकलो, जुन्नरला कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो, आणि बंदुकीतला माझा वाटा बदलला. मी अर्ज लिहायला लागलो. नूतनीकरणाचा अर्ज, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात ठेवल्याची पावती, निवडणूक संपली की ती परत मिळण्याचा अर्ज. दारू आणि टोप्या आणायला दादा वर्षातून एकदा पुण्याला जायचा. आधी एसटीनं जुन्नरला येऊन मला सोबत घ्यायचा, कारण दुकानदार हिंदी बोलायचा आणि परवान्याच्या मागे नोंद करताना शंका काढायचा. टोप्या कधी मिळत, कधी नाही. घोड्याखाली बसवायच्या, बाराला ठिणगी देणाऱ्या, बोटाच्या पेरावर मावतील एवढ्या त्या तांब्याच्या टोप्या, पण त्यांच्याशिवाय बाकी सगळं फुकट. एका वर्षी आम्ही तीन खेपा घातल्या.

"छर्रे?" दुकानदार विचारायचा.

"छर्रे नको. मागचे हायेत शिल्लक," दादा म्हणायचा.

पुढे पुढे दरवर्षी तो हेच म्हणायचा. उडवलेले छर्रे परत येत नाहीत, मग मागचे शिल्लक कसे राहतात, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आयुष्य पुस्तकांची मोजदाद करण्यात घालवलेल्या माणसाला तो पडायला हवा होता.

आता त्या संध्याकाळबद्दल लिहायला हवं. बारा-तेरा वर्षं झाली असतील. भाद्रपदातला शनिवार होता. मी न कळवता गावी निघालो होतो. बसनं फाट्यावर सोडलं तेव्हा उजेड कमी झाला होता. रस्त्यानं गेलं तर वळसा पडतो, म्हणून ओढ्याकडून आमच्या शेताच्या कडेनं आलो. तिथं शेराच्या झुडपांचं कुंपण आहे आणि त्यात एक खिंडार आहे. मी पिशवी छातीशी धरून वाकलो आणि त्याच वेळी बार उडाला.

मला काही लागलं नाही. माझ्या डोक्याच्या हातभर वर शेराच्या कांड्या तुटल्या आणि त्यांतून पांढरा चीक ठिबकायला लागला. तो माझ्या मानेवर पडला, आणि क्षणभर मला ते रक्तच वाटलं. दादा बंदूक टाकून पळत आला. पडलेल्या बैलाला चाचपावं तसं त्यानं मला चाचपलं. डोकं, मान, पाठ, पुन्हा डोकं. मग तो बांधावर बसला, आणि त्याला उठता येईना.

काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हणालो, "दादा, एवढ्या जवळून तुला माणूस लागत नाही, डुक्कर काय लागणार?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हसला. आम्ही दोघंही हसलो आणि तसेच घरी गेलो. वहिनीनं विचारलं, तेव्हा मी तोच विनोद तिला ऐकवला.

तो विनोद पुढे घराचा झाला. दिवाळीत, लग्नात, पुतणीच्या बाळाच्या पाचवीला मी तो सांगितला. शेजारी एक निवृत्त सैनिक राहतात, सगळं गाव त्यांना फौजीच म्हणतं. त्यांनी त्याला आपली भर घातली. "आरं भाऊ, लढाईत तुला पुढं पाठवाय पायजे व्हता. शत्रूला सांगायचं, ह्याच्या म्होरं हुबं ऱ्हावा, लई सेफ जागा हाय!" दादा त्यालाही हसायचा. त्याआधी गावात त्याच्या नेमाचं नाव होतं. त्या पावसाळ्यानंतर मात्र त्याला एकही डुक्कर लागलं नाही. बार उडायचे, डुकरं पळायची, सकाळी वेली उपटलेल्या असायच्या. लोक म्हणाले, नजर गेली. मीही म्हणालो. आग्रह करून त्याला जुन्नरला आणलं, बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे डोळे तपासून घेतले. नंबर निघाला तो वाचण्याचा, लांबचं त्याला स्वच्छ दिसत होतं. तरी मी चष्मा करून दिला. राखणीला जाताना तो चष्मा घालून जायचा. नेम काही सुधारला नाही. "नुस्ती पिचकारी हाय," फौजी म्हणायचे, "व्हळीला काढत जा राव."

त्या संध्याकाळनंतर दादानं माझ्याकडून एक कबूल करून घेतलं होतं. खिंडारापाशी आलास की आवाज द्यायचा. मी द्यायचो. "डुक्कर आलं रे!" असं ओरडायचो. शेतातून त्याचा आवाज यायचा, "ये, ये, मास्तर." मी मास्तर नव्हतो, पण त्याच्या लेखी पुस्तकांजवळ बसणारा प्रत्येक जण मास्तर.

बार रिकामा करायला मी फौजींना बोलावलं. उडवून टाकावा असं मला वाटत होतं. शेतात जाऊन, आभाळाकडे तोंड करून. त्यांनी मान हलवली. नळी आतून गंजली असेल, फुटली तर तुमचंही तेरावं करावं लागंल, म्हणाले. बार काढावा लागेल.

वहिनी चुलीपाशी होती. ती बाहेर आली. "काढू नका," म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तसाच. त्यांच्या हातचं शेवटचं काम हाय ते."

"वयनी, ठाण्यात भरलेली घेत न्हाईत," फौजी म्हणाले.

"मग नदीत टाकून द्या. पण उघडू नका."

तिचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता, तेव्हाही ती शांत होती. मला वाटलं, तिचं आणि माझं दुःख एकच आहे. त्या नळीत दादाचा हात आहे आणि तो बाहेर काढला की संपणार आहे. मी तिला समजावलं. सरकारी काम आहे, नाइलाज आहे, असं काहीबाही बोललो. ती पदर तोंडाशी धरून आत गेली. दार तिनं लावलं नाही.

फौजींनी नळीत पाणी ओतून ठेवलं, म्हणजे दारू मरते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात पोतं अंथरून बसले. मी समोर. आधी त्यांनी गज आत सोडला, तोंडाशी बोटानं खूण धरली, मग तो बाहेर काढून नळीच्या बाजूनं लावून पाहिला.

"बार ठेंगणा दिसतोय," ते म्हणाले.

गजाच्या टोकाला स्क्रूसारखा आकडा असतो. तो फिरवून त्यांनी बोळा धरला आणि हळूहळू ओढला. काळा, ओला काथ्या बाहेर आला. पिंजलेला किती एकसारखा होता. मी तो तळहातावर घेतला. फौजींनी नळी पोत्यावर तिरपी केली. काळं पाणी आलं, भिजलेल्या दारूचा गाळ आला. त्यांनी दस्त्यावर थापटी मारली. आणखी थोडा गाळ. मग काही नाही.

"छर्रे कुठंयत?" ते स्वतःशीच म्हणाले. आत पुन्हा गज घातला, लोखंडावर लोखंड वाजलं. "एकच बोळा. शिसंच न्हाई आत. इसरला आसंल. आजारी व्हता ना."

वहिनी दारात उभी होती. हातात पत्र्याचा डबा होता, बिस्किटांचा, जुना. तिनं तो दोन्ही हातांनी आणून माझ्यासमोर ठेवला. ठेवताना तो जड वाजला. मी झाकण काढलं. डबा छर्‍यांनी भरलेला होता आणि वरच्या थरावर राखाडी बुरा चढला होता.

"इसरले न्हाईत," ती म्हणाली. "तुमी शेराच्या कुंपणात घावला व्हता, त्या दिसापासून ह्या डब्याला हात लावला न्हाई त्यांनी. मला म्हणले, आता नळीत शिसं घालायचं न्हाई. आवाजानं बी पळत्यात डुकरं."

"पळायची, आन् दोन दिसांनी परत यायची," फौजी म्हणाले.

"यायची की. खायची भुईमूग. म्हणायचे, खाऊ दे."

मी झाकण परत लावलं. "वहिनी, मला का नाही सांगितलं त्यानं? मी इतकी वर्षं..."

"तुमी हसायचा न्हवं," ती म्हणाली. "त्यांना ते बरं वाटायचं. म्हणायचे, हसतोय तवर बरं हाय. त्याला अजून कळलं न्हाई, किती थोडक्यात वाचला ते. कळलं तर त्या वाटंनं यायचा न्हाई तो. मला शपथ घातली व्हती. म्हणून म्हणत व्हते, उघडू नका."

फौजींनी गज पोत्यावर ठेवला. "मी लई बोललो त्याला," ते म्हणाले.

"ते म्हणायचे, बोलू द्या. पेन्शनीत त्याला दुसरं काम काय हाय?"

फौजी हसले, आणि तसेच उठून घरामागे गेले. बराच वेळ आले नाहीत.

मी कितीदा तो विनोद सांगितला असेन, ते मोजायचा प्रयत्न केला. चष्मा घालून, बिनशिशाची बंदूक घेऊन बांधावर बसलेला दादा डोळ्यांसमोर येत राहिला. त्याला तो विनोद ऐकायला बरं वाटायचं, हे वहिनी सांगते आणि ती खोटं बोलत नाही. पण बारा वर्षांत एखाद्या वेळी तरी तो आतून दुखावला असेल. ते आता विचारता येणार नाही.

दुपारी मी बंदूक घेऊन घोडेगावला गेलो. ठाण्यातल्या हवालदारांनी नळीत बघितलं, परवाना बघितला, पावती केली. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करून घ्यायचा असेल तर अर्ज करा, म्हणाले. तो अर्ज मी आदल्या आठवड्यातच लिहून ठेवला होता. पिशवीत होता. मी तो काढला नाही. काथ्याचा बोळा वहिनीनं उन्हात वाळवून तिच्या देव्हाऱ्यात ठेवला आहे. छर्‍यांचा डबाही ठाण्यात दिला. टेबलावर ठेवला तेव्हा हवालदार म्हणाले, "बरेच शिल्लक राह्यले की." मी हो म्हणालो.

परतीच्या बसनं फाट्यावर सोडलं तेव्हा उजेड कमी झाला होता. मी रस्त्यानं गेलो नाही. ओढा ओलांडून शेराच्या कडेनं चालत राहिलो आणि खिंडारापाशी थांबलो. भुईमूग अजून काढलेला नाही, राखणीला कोणी नाही. तिथं उभं राहून मी आवाज दिला. "डुक्कर" म्हणवेना.

"दादा, मी आलोय."

वेलींमध्ये काहीतरी खसफसलं आणि ओढ्याकडे पळालं. एक मोठं, मागून दोन-तीन लहान. ती दोन दिवसांनी परत येतील. मी वाकून आत शिरलो आणि घराकडे चालायला लागलो.