रबरी हाताची पहिली पायरी

१९ ऑगस्ट. संध्याकाळी लॅब बंद करण्याआधी मी रबरी हात धुवायला घेतला. नळ्यांतलं लाल पाणी काढायचं, भोकं पडलेली कातडी बदलायची. काम रोजचंच, पण त्या दिवशी उरकेना.

आमच्या महाविद्यालयात डॉक्टर होऊ घातलेली मुलं सलाइनची सुई लावायला आधी या हातावर शिकतात. पडदा असलेल्या मशीनला जोडलेला हा हात हुशार आहे. सुई नीट लागली की पुढच्या खेपेला शीर बारीक करतो. चुकली की पंपाचा दाब वाढवून फुगवतो. पाच पायऱ्या आहेत. पाचवी म्हणजे उलट्या-जुलाबांनी सुकलेलं म्हातारं माणूस. पहिली म्हणजे सुंभाएवढी शीर, डोळे मिटूनही सापडेल अशी.

वीसेक वर्षं मी वॉर्डात नर्स म्हणून काढली. कुणाची शीर मिळेना की मला बोलवायचे. मांडवीच्या एका म्हातारीला तिघांनी टोचल्यावर माझी सुई एका दमात लागली, तर ती म्हणाली, "आधी कुठं मेली होतीस गो?"

गेलं वर्षभर माझा उजवा हात थरथरतो. गोळ्यांचा उपयोग नाही. घरी माहीत आहे, कामावर नाही. मुलं यायच्या आधी मी मशीनमध्ये नाव न घालता सराव करते. त्याच दिवशी सकाळी मशीन चौथीवर होतं. तीन सुया, तिन्ही चुकल्या. पडद्यावर पहिली पायरी आली, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मी बाजूला झाले.

शेवटी सुई लावणारा ज्या पायरीवर असेल, मशीन तिथंच थांबून राहतं.

"काल शेवटी हीच होती," पडद्यावरची पहिली पायरी बघून एक मुलगा सावर्ड्याच्या मुलीला म्हणाला. "मशीनला पण दया आली बाई तुझी!"

सगळे हसले.

"मी चौथीपर्यंत पोचले होते," ती म्हणाली.

मुलांना शिकवणारे सर दारातच उभे होते. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात जाणाऱ्यांची यादी त्यांच्या हातात होती. "तू अजून आठ दिवस इथंच थांब," म्हणाले आणि तिचं नाव खोडलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची चौथी पायरी मी स्वतः पाहिली होती. मी कापसाचे बोळे रचत राहिले.

संध्याकाळी कातडी ताणून बसवताना तेच डोक्यात. मला स्वयंपाक धड येत नाही, गोड बोलता येत नाही. येत होतं ते एवढंच, आणि आता एक पंप माझ्यासाठी शीर फुगवतो. उद्या बरं वाटेल असा हा आजार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर, सरांसमोर, मशीनमध्ये माझं नाव घातलं. चौथी पायरी लावली. तीनदा टोचलं. पडदा पहिलीवर आला.

"काल हे मीच केलं होतं. हिचं नाव यादीत परत घाला."

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी पेन काढलं. मी नवी सुई त्या मुलीपुढे धरली. तिनं घेतली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.